पंडरीचा फोन

हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यात इंदू वैरागडकरच्या घरातली मराठी एका वर्षात बंद पडली. आधी नवरा, प्रफुल्ल, गेला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसल्या बसल्या कोसळला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मुलाच्या मागोमाग सासूबाईही गेल्या. उरली मुलगी, रुचिता. तिला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून यायची ती हिंदीच. "जेवून घे गं" म्हटलं की "अभी नहीं, आई." इंदूने काही दिवस टोकून पाहिलं, मग सोडून दिलं. पोरगी हसून बोलते आहे, एवढं तिला पुष्कळ होतं.

प्रफुल्ल गेल्यावर इंदूने शंकर नगरातल्या एका साड्यांच्या शोरूममध्ये हिशेबाचं काम धरलं. काचेचं केबिन, एक कम्प्युटर, एक पंखा. शोरूममध्येही सगळा कारभार हिंदीतच. काउंटरवरच्या मुली तिला "इंदू आंटी" म्हणत आणि आपसात म्हणत की आंटी फार कमी बोलतात. आता बोलायचं म्हटलं तरी कोणाशी?

जीएसटी आल्यावर शोरूमच्या सेठने नवं सॉफ्टवेअर घेतलं. पंडरीच्या बाजारातल्या ज्या ठोक पेढीकडून अस्तर, फॉल आणि ब्लाउजपीस यायचे, तिने दुसऱ्याच कंपनीचं घेतलं. आणि त्या दिवसापासून दोन्हीकडची बिलं जुळेनात. फरक मोठा नसायचा. पंडरीचं सॉफ्टवेअर बिलातल्या एकेका ओळीवर कर काढून अपुरा पैसा तिथल्या तिथे पूर्ण करायचं, इंदूचं सगळी बेरीज करून शेवटी एकदाच कर काढायचं. लांबलचक बिलात असे चार-पाच पैसे इकडेतिकडे व्हायचे. इकडे अठ्ठेचाळीस पैसे आले की आकडा खालच्या रुपयावर यायचा, तिकडे त्रेपन्न आले की वरच्या रुपयावर जायचा. झाला एका रुपयाचा फरक. कम्प्युटरवर लाल पट्टी यायची आणि बिल अडकून पडायचं. दोन्ही कंपन्यांची माणसं म्हणत, आमचं बरोबर आहे. आणि खरं तर दोघांचंही बरोबरच होतं.

सेठचा नियम एकच होता. समोरच्या पार्टीशी बोलून खात्री केल्याशिवाय पैसाही इकडचा तिकडे करायचा नाही. म्हणून इंदूने पंडरीला पहिला फोन लावला.

"मैडम, आपके बिल में एक रुपया ज़्यादा आ रहा है," ती म्हणाली.

"हमारे यहाँ तो बराबर है," पलीकडून एका बाईचा आवाज आला. "एक मिनट रुकिए, देखती हूँ." मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, कागदांची खसफस, आणि लांबून ऐकू आलं, "कुठं मेलं ते बिल? आत्ता तं इथंच होतं वं माय!"

इंदूला हसू फुटलं. ते पलीकडे ऐकू गेलं असावं.

"काय झालं मैडम?"

"काही नाही. तुम्ही मराठी आहात?"

"मंग!" पलीकडची बाई जोरात म्हणाली. "बाबा वरूडचे. रेल्वेत होते, तं इकडे आले, आन् इकडचेच झाले. मी क्षमा. क्षमा उमाठे. तुम्ही कुठल्या वं?"

त्या दिवशी एका रुपयाचा फरक सुटायला अर्धा तास लागला.

पुढे आठवड्यातून दोन-तीनदा फोन व्हायचा, महिनाअखेरीला तर रोज. आधी बिल नंबर, मग आकडे, मग दोघींनी म्हणायचं, "ठीक आहे, राउंड ऑफला टाकते." ते झालं की क्षमा विचारायची, "आज डब्यात का आणलं ताई?" आणि खरा फोन तिथून सुरू व्हायचा. क्षमाने लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, बाबांचं दुखणं लांबलं, भावाचं शिक्षण, आणि एक दिवस लोकांनी तिला विचारायचंच सोडून दिलं. गुढियारी मोहल्ल्यात भाऊ शालिग्राम आणि भावजय माया यांच्या घरी माडीवरची खोली तिची होती. घरात ती पाव्हण्यासारखी गप्प असायची. ते तिनेच सांगितलं होतं. "नौकरीवाली बहीण बोलली का भावजयीले टोमणा वाटते. म्हणून मी बोलतच नाही. तुमच्यापाशी मोकळं होते."

फोनवर मात्र ती नुसती वाहायची. पेढीच्या मालकाची नक्कल करायची. वांग्याच्या भाजीत जवसाचा कूट घालायचा की तिळाचा यावर इंदूशी हुज्जत घालायची. इंदूचा पाय मुरगळला तेव्हा रोज विचारायची, "सूज उतरली का वं? हळद लावली का?" हळूहळू इंदूही बोलायला लागली. प्रफुल्लबद्दल ती कोणाशी बोलत नसे, ते ती क्षमाशी बोलली. केबिनच्या काचेतून मुली बघायच्या, इंदू आंटी फोनवर हसताहेत.

दोघी एकाच शहरात, ऑटोने फार तर वीस मिनिटांचं अंतर, पण भेट कधी झाली नाही. दरवर्षी ठरायचं की मराठी मंडळाच्या गणपतीला भेटू. इंदू जायची, आरतीपर्यंत थांबायची. क्षमाचं दरवेळी काही ना काही निघायचं: भाचा आजारी, मालकाने थांबवलं, डोकं दुखलं. एकदा इंदू रागावली तेव्हा क्षमा म्हणाली, "आवाजच बरा आहे ताई माझा. थोबाड पाहून का करता?" इंदूला वाटलं, गंमत करते आहे.

अशी सहा-सात वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात इंदूने एक आकडा चुकीचा लिहिला. क्षमाने सांगितलं सत्तेचाळीस, इंदूला ऐकू आलं अठ्ठेचाळीस. दुसऱ्यांदा विचारलं तरी नीट कळेना. शब्द तोंडातल्या तोंडात राहत होता.

"काय गं, तोंडात लाडू आहे का?" इंदूने विचारलं.

"छाला झाला जिभीले," क्षमा म्हणाली. "तिखट खाल्लं का झोंबते. जाईन बरा."

संक्रांत झाली. जिभेवरचा तो छाला, तो फोड, काही गेला नाही. उलट तिचे 'स' आणि 'ळ' आणखी जड झाले. घाईने बोलू लागली की ओळीच्या शेवटी शब्द घसरायचे. रोज ऐकणाऱ्या माणसालाच कळावं इतका बारीक बदल, पण इंदू रोज ऐकत होती. तिने पेढीतल्या कुणाच्या लक्षात आलं का असं विचारलं. क्षमा म्हणाली, "इथं कोण ऐकते? सगळे गिऱ्हाइकात." घरी? "घरी मी बोलतेच कुठं?"

"क्षमा, हे मले बरं वाटत नाही. डॉक्टरला दाखव."

"मार्च होऊन जाऊ दे ताई. क्लोजिंगमध्ये सुट्टी कोण देते?"

"मग एप्रिलच्या एक तारखेला. शपथ घे माझी."

"हव, हव. घेतली."

त्यानंतर इंदू प्रत्येक फोनवर आधी छाल्याचं विचारायची, मग बिलाचं.

इकडे रुचिताला नोकरी लागून वर्ष झालं होतं. दुकानांना आणि कंपन्यांना हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवून देणाऱ्या एका ऑफिसात ती होती. रात्री जेवताना आई सांगायची, आज पुन्हा लाल पट्टी, आज पुन्हा पंडरीला फोन. रुचिताला त्यातला त्रास तेवढा ऐकू यायचा. आईचे डोळे दुखतात, पाय सुजतात, आणि एका रुपयासाठी ती तासभर फोनला लटकलेली असते. मार्चच्या शेवटी तिच्या ऑफिसला शोरूमचं काम मिळालं, आणि तिने ते आपण होऊन मागून घेतलं. पंडरीच्या बिलावरचा कर नव्याने मोजायचाच नाही, बिलात असेल तसाच उचलायचा. त्याउपर रुपयाच्या आतला फरक राहिला तर तो सॉफ्टवेअरने स्वतःच राउंड ऑफच्या खात्यात टाकायचा. सेठलाही ते पटलं. दोन दिवसांचं काम होतं.

"देख आई," रुचिताने इंदूच्या खुर्चीमागे उभं राहून दाखवलं. पंडरीचं बिल आलं आणि हिरवी खूण उमटली. "अब तुझे किसी को फोन नहीं करना पड़ेगा."

तिचा चेहरा इतका खुलला होता की इंदूलाही खरंच बरं वाटलं. संध्याकाळी घरी जाताना तिने रुचिताच्या आवडीची जिलबी घेतली.

पहिला आठवडा कामं उपसण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात इंदूचा हात दोनदा फोनकडे गेला आणि परत आला. काय सांगून लावायचा? तिसऱ्यांदा तिने लावला. मालकाच्या पुतण्याने उचलला. "बिल में कोई दिक्कत है, मैडम?"

"नहीं. बस, क्षमा जी से..."

"वो गोदाम में हैं. दिक्कत क्या है?"

"कुछ नहीं," म्हणून इंदूने फोन ठेवला. पन्नाशी उलटलेली बाई कामाच्या वेळी गप्पा मारायला फोन करते आहे, असं त्या पोराला वाटलं असेल, या विचाराने तिचे कान तापले.

क्षमाचा मोबाइल नंबर तिच्याकडे होता. बिलांचे फोटो त्यावरच यायचे. तिने लिहिलं, "डॉक्टरकडे गेली होतीस का?" संध्याकाळी उत्तर आलं, "हव. औषध दिलं. बरं आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, "बरं आहे ताई. काम वाढलं." इंदूने मोबाइलवर फोन लावला तर तो उचलला गेला नाही, नुसता निरोप आला, "गडबडीत आहे, मंग करते."

तो फोन आलाच नाही. इंदू मनातून दुखावली. तिला वाटलं, आपणच वेडे. क्षमाचं बोलणं कामापुरतं होतं, काम संपलं, बोलणं संपलं. मग तिनेही लिहिणं कमी केलं. सणावाराला एक फुलाचं चित्र, बस. मोबाइलवरची अक्षरं सगळी साफ होती. त्यांच्यात ना जड झालेला 'स' ऐकू येत होता, ना घसरणारा शब्द. कानाने ऐकलं असतं तर इंदूला पहिल्या वाक्यात कळलं असतं.

गणपती झाले, नवरात्र आलं. त्या गर्दीत पंडरीहून एक गठ्ठा चुकीचा आला आणि इंदूला फोन करायला कारण मिळालं. हे सांगायला हवं, की नंबर लावताना ती खूश होती. पलीकडे एक कोवळा, अनोळखी आवाज आला.

"क्षमा दीदी? वो तो कब से नहीं आ रहीं. उनका तो मुँह का ऑपरेशन हुआ है. आपको पता नहीं?"

इंदूने गठ्ठ्याचं काही न सांगता फोन ठेवला. सेठला म्हणाली, बरं वाटत नाही, आणि तशीच ऑटोत बसून गुढियारीला गेली. पेढीतून पत्ता घ्यायचंही तिला सुचलं नव्हतं. उमाठ्यांचं घर विचारत विचारत तिने दोन गल्ल्या पालथ्या घातल्या.

दार शालिग्रामने उघडलं. केस पांढरे झालेला, थकलेला माणूस. इंदूने नाव सांगितलं तशी त्याने तिला ओळखीने पाहिलं. "तुम्ही शोरूमवाल्या ताई. तुमचंच नाव लिहून दाखवते." मग जिन्याखाली उभं राहूनच त्याने सांगितलं. जिभेचा कॅन्सर. ऑगस्टमध्ये घास गिळेना तेव्हा घरात कळलं. अर्ध्याहून जास्त जीभ काढली, जबड्याचा तुकडा काढला, आता रेडिएशनचे शेक चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलं.

"आम्हाले समजलंच नाही ताई," तो म्हणाला. "ती कधी बोलतच नव्हती, तं बोलणं बिघडलं हे कसं समजावं?" आणि खाली बघत, "गुडाखू घासे ती. लहानपणी दात दुखे तं मोहल्ल्यातल्या बायांनी सवय लावली. दात काळे झाले म्हणून लाजे. डॉक्टर पहिले तेच विचारीन म्हणून गेली नाही."

तंबाखूचा तो काळा, गुळचट गोळा इंदूने मोहल्लाभर पाहिला होता. कितीतरी बायका सकाळी उंबऱ्यात बसून तो हिरड्यांना चोळत असत. तिला गणपतीच्या आरत्या आठवल्या, दरवर्षीची निमित्तं आठवली, आणि ती जिना चढू लागली.

माडीवर खाटेवर एक लहानखुरी बाई बसली होती. आवाजावरून इंदूने जी धिप्पाड, गोरटेली क्षमा मनात उभी केली होती, तिच्याशी हिचं काही जुळत नव्हतं. नाकातून नळी, गालापासून मानेपर्यंत टाक्यांचा वण. इंदूला बघताच तिने ओढणी ओढून तोंड झाकलं. वर फक्त डोळे राहिले.

"मी इंदू," इंदू म्हणाली.

डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओढणीआडून एक आवाज आला. त्यात शब्द नव्हता. इंदू खाटेच्या कडेवर बसली आणि तिने क्षमाचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काहून सांगितलं नाही गं मले?"

क्षमाने उशीखालून मोबाइल काढून लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. "फोन केला असता तं तुम्ही ओळखलं असतं."

त्या दिवशी घरी आल्यावर इंदूने रुचिताला सगळं सांगितलं. रुचिताने महिने मोजले असावेत, कारण तिने हळूच विचारलं, "आई, वो फोन मेरी वजह से बंद हुआ ना?"

इंदूच्या ओठांवर शब्द आला होता. हो. संध्याकाळभर तो तिथेच होता. पण समोर ती पोरगी उभी होती, हातात पाण्याचा पेला घेऊन, तिच्या आवडीचं काही बिघडल्यावर लहानपणी उभी राहायची तशी.

"तू चांगलंच केलं," इंदू म्हणाली. "एक फरक मिटला, त्यात तुझं काय? फोन तर मी करू शकत होते. कोणी माझा हात धरला नव्हता. मीच रुसून बसले."

ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे रात्री तिला झोप आली नाही.

मग दर रविवारी इंदू गुढियारीला जायला लागली. आता बोलायचं काम तिचं होतं. ती आयुष्यात इतकं बोलली नसेल. शोरूममध्ये कोणती साडी खपली, सेठ कोणावर खेकसला, रुचिताला कोणाचं स्थळ आलं, सगळं. क्षमा भिंतीला टेकून ऐकायची. इंदू थांबली की मोबाइलवर लिहायची, "मंग?" हळूहळू ती ओढणी घ्यायचीही विसरायला लागली. एकदा रुचिता सोबत आली. ती आधी बुजली, मग क्षमाच्या केसांना तेल लावत बसली. जाताना म्हणाली, "मौसी, मैं फिर आऊँगी." क्षमाने तिच्या गालावरून हात फिरवला.

शेक संपले तेव्हा थोडे दिवस बरे गेले. पौषात मानेवर पुन्हा गाठ आली. डॉक्टरांनी शालिग्रामला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा. शेवटच्या रविवारी क्षमाला मोबाइल धरवत नव्हता. इंदू तिच्या कानाशी बोलत राहिली, वांग्याच्या भाजीबद्दल, जवसाबद्दल. शेवटी कबूलही केलं की कूट जवसाचाच चांगला लागतो. क्षमाच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. बुधवारी सकाळी शालिग्रामचा फोन आला.

तेराव्याला फोटो ठेवायचा तर घरात तिचा धड फोटोच नव्हता. प्रत्येकात ती मागे उभी, नाहीतर तोंडावर पदर. शेवटी पेढीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. ओठ घट्ट मिटलेली, कॅमेऱ्याला घाबरलेली बाई. इंदू त्याच्याकडे बघत राहिली, पण तिला त्यात क्षमा सापडेना. तिची क्षमा आवाजात होती, आणि तो आवाज कोणीच कुठे जपून ठेवला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी इंदू सवयीने तयार झाली आणि ऑटोत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने ऑटो वळवायला सांगितली नाही. गुढियारीला शालिग्राम घरी नव्हता. माया एकटीच ओट्यापाशी होती. इंदूला बघून ती गोंधळली, मग काही न विचारता तिने चहा ठेवला. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या. बोलायला फारसं काही नव्हतं. चहा देताना माया तोंडाची डावी बाजू जपून बोलत होती, आणि 'साखर' म्हणताना तिने गाल आवळला.

इंदूने कप खाली ठेवला.

"तूही घासते का वं?"

मायाची नजर फळीवरच्या एका डबीकडे गेली आणि तिने ती खाली वळवली.

"मले दाखव," इंदू म्हणाली. "मी डॉक्टर नाही, ते माहीत आहे मले. उद्या सकाळी आपण दोघी जाऊ. मी सुट्टी घेते. शालिग्रामला मी सांगीन. पण आधी मले दाखव."

माया पदराचं टोक पिळत बसली. मग उठली, खिडकीपाशी उजेडात जाऊन उभी राहिली, आणि तिने तोंड उघडलं.